बिदरच्या फाट्यावरून पुढे

नांदेड,
१६ जुलै २०२५

ती. गं. भा. नागाआत्यास,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज केला तर तो शेजारच्या कोंडाबाई वाचून दाखवतात. हे त्यांनी वाचू नये, म्हणून पत्र लिहिते आहे. वाचून झालं की डब्यात ठेवू नकोस, फाडून टाक.

आई रविवारी चाकूरहून एकटीच गाडी घेऊन बिदरला बारशाला गेली, हे तुला माहीत आहे, तूही तिथं होतीस. संध्याकाळी ती परत यायची होती. आज बुधवार. अजून आलेली नाही. दिवसभर तिचा फोन बंद असतो. अंधार पडला की एकदा लागतो. बरी आहे, जेवले, रस्ता चांगला आहे, एवढं बोलून ती ठेवून देते. कुठला रस्ता, ते सांगत नाही. काल मागून कोणीतरी तेलुगूत काही विचारलं आणि आईनं त्याला चहा सांगितला.

मी बिदरला फोन केला. ते म्हणाले, जेवणाच्या आधीच ती उठून गेली, कोणाला सांगितलं नाही. आत्या, तिथं काय झालं? कोणी काही बोललं का?

आता जे विचारते आहे त्याची मलाच लाज वाटते. कोंडाबाईंचा नवरा मलप्पा घरी आहे का? बाबांच्या माघारी ताडपत्रीखाली पडलेली गाडी त्यानंच सुरू करून दिली, आईला चालवायला त्यानंच शिकवलं. मी शक घेत नाही. फक्त एक शक्यता खोडायची आहे.

सतरा ऑगस्टला देगलूरचे पाहुणे व्यंकटच्या सोयरिकीची बोलणी करायला चाकूरला येणार आहेत. दगडोबाकाका रोज विचारतात, वहिनी कुठं आहे. व्यंकटनं सांगून टाकलं की आई ताप येऊन बहिणीकडे, म्हणजे माझ्याकडे, पडली आहे. काकांचा फोन आला तर मला खोटं बोलावं लागेल, आणि मला ते जमत नाही हे तुला ठाऊक आहे. पाटीवर तूच शिकवलंस मला, चुकलं तर खोडायचं, पण गिरवून झाकायचं नाही.

लवकर उत्तर दे. तोवर जीव टांगलेला.
तुझी, सुकन्या


उदगीर,
२१ जुलै २०२५

चि. सुकन्या हिस,
नागाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर पाहून आधी तुझीच काळजी वाटली. ओळी अशा तिरक्या जायच्या नाहीत तुझ्या. जेवतेस की नाही? तिथल्या खानावळीची भाजी पाणचट असते म्हणून तू रडली होतीस, आता आईच्या नावानं उपास धरू नकोस.

मलप्पा घरी नाही. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, जीप घेऊन गेला. मी कोंडाबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, हैदराबादच्या बाजूला सवारी घेऊन गेलाय. कोणाची सवारी, ते तिला धड सांगता आलं नाही. मी पण शक घेत नाही. पण नळाला जाताना त्यांच्या अंगणाकडं नजर जाते, आणि जीप दिसत नाही.

बारशात काही झालं नाही. बायकांची लई गर्दी होती. मी मागं बसले होते, तुझी आई राजकन्या कधी उठली ते मला दिसलं नाही.

व्यंकटला मलप्पाचं बोलू नकोस. त्याचं डोकं लवकर तापतं, बापावर गेलाय. आपल्या दोघींत राहू दे.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती सांगावी लागत नाही.
तुझी आत्या, नागाबाई


नांदेड,
३१ जुलै २०२५

ती. गं. भा. नागाआत्यास,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

आत्या, मी व्यंकटला सांगितलं. तू नको म्हणाली होतीस. आधी कारण ऐक, मग रागाव.

परवा आईनं आम्हा दोघांना एक फोटो पाठवला. खूप रुंद नदी आहे, पलीकडे नारळाची झाडं, आणि अलीकडे आपल्या गाडीचं दार. दारावर आईचा डावा हात. त्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत. एखादी नाही, हात भरून. मी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. मनगटाजवळचा भाजल्याचा डाग तिचाच आहे. परवा फोनवर काहीतरी किणकिणत होतं, मला वाटलं कपबश्या असतील.

व्यंकटनंही तेच पाहिलं. त्यानं मला सरळ विचारलं, तुला यातलं काय माहीत आहे? मला खोटं बोलता आलं नाही. मलप्पा गावात नाही, एवढंच सांगितलं. एवढंच पुरलं. तो फोटो घेऊन काकांकडे गेला. काका म्हणाले, बाईच्या हातात हिरव्या बांगड्या आल्या म्हणजे तिनं कुठंतरी पाट लावला, यात विचारायचं काय राहिलं.

काकांनी निरोप दिला आहे. तिला यायचं असेल तर रिकाम्या हातानं यावं आणि पाहुणे असेपर्यंत स्वयंपाकघरात बसावं. बांगड्या घालून आली तर ते बैठकीत बसणार नाहीत. घरचा वडीलधारा बैठकीत नाही म्हटल्यावर देगलूरची माणसं पाणीही न पिता उठतील. व्यंकटला त्यांची वर्षाराणी मनापासून आवडली आहे. तो कालपासून माझ्याशी बोलत नाही, जणू बांगड्या मीच भरल्या.

मी आईला विचारलं नाही. विचारायला फोन लावते आणि रस्ता कसा आहे ते विचारून ठेवते. ती हो म्हणाली तर काय करायचं, ते माझं ठरलेलं नाही.

तुझ्या धीराच्या दोन ओळींची वाट पाहते.
सुकन्या


उदगीर,
५ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्या हिस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझा भाऊ परवा मोटारसायकलवर येऊन मलप्पाच्या दारात उभा राहिला आणि भर गल्लीत त्याला विचारलं, माझी आई कुठं आहे. मलप्पा आदल्या दिवशीच आला होता. श्रीशैलला बायकांची सवारी नेली होती त्यानं, तिथंच जीप बिघडली म्हणून इतके दिवस अडकला. आमच्या गल्लीतली सरजाबाई त्याच जीपमध्ये होती, तिनं मला प्रसादही आणून दिला. म्हणजे तो खरंच सवारीला गेला होता. व्यंकटचं ऐकून तो एवढंच म्हणाला, "वहिनीला ब्रेक कसा दाबायचा ते मी शिकवलं. कुठं दाबायचा, ते तिचं तिनं ठरवलं." कोंडाबाई आता माझ्याशी बोलत नाही. तिची चूक नाही.

पण बांगड्यांचं काय? सुकन्या, तू लेक आहेस, तुला तिची कड घ्यावीशी वाटणार. मला नाही वाटत. तुझे आतोबा गेले त्या दिवशी माझे हात उंबऱ्यावर धरून बांगड्या फोडल्या, तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. त्यानंतर बाजारात बांगडीवाल्याच्या गाड्यावरून जाताना मी हात पदराखाली घेत आले. राजकन्येला कोणी फोडायला लावल्या नाहीत, तिनं नुसत्या उतरवल्या. तेवढी सूट तिला मिळाली होती. मलप्पा नसेल तर दुसरा कोणी असेल. रिकाम्या हातात बांगड्या आपोआप भरत नाहीत. कोणीतरी बसून भरतं.

तिला विचार. नाहीतर मी विचारीन.
आत्या


कावेरीच्या काठी
(गावाचं नाव मला लिहिता येत नाही, पाटी आहे पण अक्षरं गोल गोल हायेत)
२ ऑगस्ट

चि. सुकन्यास,
आईचा आशीर्वाद.

फोनवर तू एक विचारतीस, मी सांगितलं की त्याच्यातून दुसरं काढतीस. म्हणून लिहिते. मधी बोलता येणार न्हाई तुला.

मी कुठं जायचं म्हणून निघाले नव्हते. बिदरला पाळण्याच्या आधी त्या बाळाला मी मांडीवर घेतलं होतं. झोपलं होतं गं, माझं बोट धरून. नाव ठेवायची वेळ झाली तशी तुझ्या आत्यानं बाळ माझ्याकडून काढून घेतलं, माझं मनगट धरलं आणि मला मागच्या भिंतीला नेऊन बसवलं. म्हणाली, राजकन्या, आपली जागा इथं. हळूच म्हणाली, कोणाला ऐकू गेलं नसेल. मला वन्संचा राग न्हाई. त्यांना असंच कोणीतरी बसवलं असणार. पण मला व्यंकटचं लग्न दिसलं. त्यात मी त्याच भिंतीला. मी उठले, गाडी काढली. उदगीरचा फाटा आला आणि माझ्यानं गाडी वळवली न्हाई. एवढंच झालं. पुढच्या फाट्यालाही वळवली न्हाई.

लई देश बघितला. लाल माती, मग काळी, मग नुसतं पाणी आणि भात. केळीच्या बागा इतक्या की सावलीत गाडीचे दिवे लावावे लागले. देवळाच्या धर्मशाळेत निजते, बायकांच्या खोलीत. कधी लॉजवर गेले तर लॉजवाला विचारतो मालक कुठाय, मी सांगते मागून येतायत. पुढच्या शिटावर तुझ्या बाबाचा टॉवेल टाकून ठेवलाय, माणूस आत्ताच उतरलाय असं वाटावं म्हणून. भ्याले न्हाई असं म्हणणार न्हाई. दोन्ही दारं आतून लावून घेते.

फोटोत हात दिसला ते मला मागून कळलं. बरं झालं दिसला. इथं एका देवीचं डोहाळजेवण होतं. देवी गरवार असते म्हणं त्या दिवशी, बांगड्यांनी झाकून टाकतात तिला आणि मग त्याच बायकांना भरतात. माझे पाय दुखत होते म्हणून मी ओळीत टेकले. म्हातारी माझ्यापाशी आली तशी मी तिला माझं कपाळ दाखवलं, गळा दाखवला. तिनं बोटं वर करून विचारलं, लेकरं किती? मी दोन दाखवली. तिनं दोन्ही हात भरले. तिला माझा नवरा जिता हाय का मेला, त्याच्याशी काम नव्हतं.

गाडीत बसून उतरवणार होते. पण स्टेअरिंग फिरवलं की त्या वाजतात. इतके दिवस गाडीत कोणी बोलत नव्हतं.

तेरा तारखेला उदगीरला पोचते, वन्संकडं थांबते. सोयरिकीला मी येणार. बांगड्या काढायला मला सांगू नको, सांगितलंस तर मी काढीन. म्हणून सांगू नको.
तुझी आई, राजकन्या


नांदेड,
९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

आईचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

तू मला लिहिलं होतंस की तू मागं बसली होतीस आणि आई कधी उठली ते दिसलं नाही. मी मलप्पावर शक घेतला, आईवर घेतला, फोनमागून चहा विचारणाऱ्या माणसावरही घेतला. तुझ्यावर घ्यायचं मला सुचलं नाही. माझी पहिली अक्षरं तुझ्या हाताखाली झाली, आत्या. तू लिहिलेलं मी तपासून पाहत नव्हते.

आणि तरीही तुलाच विचारते, कारण दुसरं कोणी नाही. व्यंकटला मी आईचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, एकाच दिवसासाठी काढल्या तर? नंतर पुन्हा घालेल. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. आणि मी सांगितलं तर ती काढेल, हे तिनंच लिहून ठेवलंय. म्हणजे एक शब्द माझ्याकडे आहे. तो वापरला तर व्यंकटचं जमेल आणि आई स्वयंपाकघरात बसेल. नाही वापरला तर काका बसणार नाहीत आणि व्यंकट मला जन्मभर बोलेल.

मी आईला फोनवर काही सांगितलेलं नाही. तेरा तारखेला ती तुझ्या दारात येईल. तुला तिला विचारायचं होतं ना, तर विचार. तू काय बोललीस ते मात्र मला खरं कळव.
सुकन्या


उदगीर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

टपालानं हे रविवारच्या आत मिळणार नाही, म्हणून मलप्पाच्या हाती पाठवते आहे. तो नांदेडला सवारी घेऊन येतोय. मी त्याच्या घरी जाऊन आले. कोंडाबाईनं चहा दिला, बोलली नाही, पण साखर विचारली.

तुझी आई काल दुपारी आली. गाडी लाल मातीनं भरलेली, चेहरा उन्हानं रापलेला, आणि मांडीवर सोलायला घेतलेली केळी. तिचं सगळं असंच. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा बांगड्या माझ्या पायाशी वाजल्या. मी काय बोलायचं ते ठरवून बसले होते, आणि तेच बोलले. म्हणाले, बाळ मी काढून घेतलं, कारण तू धरलेलं कोणी पाहिलं असतं तर ते तुला चारचौघांत बोलले असते. मी हळू बोलले. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही हळू बोललात म्हणूनच ते अजून ऐकू येतंय."

तिनं माझ्यासाठीही बांगड्या आणल्यात, पेपरात गुंडाळून. मी घातल्या नाहीत. माझा हात पुढं झाला नाही, आणि तू खरं कळव म्हणालीस म्हणून लिहिते, पुढं होईल असं मला वाटतही नाही. पण तू काढ, असंही मी तिला म्हणाले नाही. तूही म्हणू नकोस. तुझा तो शब्द तुझ्यापाशीच राहू दे.

आज सकाळी व्यंकटला बोलावून घेतलं. त्याला सांगितलं की दगडोबा माझ्या पाठचा. तो बैठकीत बसला नाही तर त्याच्याहून मोठी मी आहे, मी बसते. बायका बैठकीत बसत नाहीत असं देगलूरचे म्हणतील. म्हणू दे. वर्षाराणीची ओटी राजकन्या भरेल, हेही सांगितलं. पाहुणे उठून गेले तर सोयरीक मोडेल, ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. पोरगा रडायच्या बेताला आला होता. आईच्या हाताकडं बघत राहिला, मग विचारलं, किती वाजता निघायचं. बाहेर गेला आणि गाडी धुवायला घेतली.

तू शनिवारीच चाकूरला ये. येताना खण आण, चांगल्या दुकानातला, आणि नारळ वाजवून बघून घे. रविवारी सकाळी आम्ही दोघी इथून तिच्याच गाडीनं निघणार, मी पुढच्या शिटावर. गाडी वेशीपाशी थांबवायची नाही, मागच्या दारालाही न्यायची नाही, पाहुण्यांच्या गाड्यांशेजारी लावायची असं ठरलंय. आधी मी उतरेन. दारात कोणाला कोणाचा हात धरायचा असेल, तर त्याला आधी माझा धरावा लागेल.

माझ्यावरचा लोभ वाढव म्हणायला यावेळी तोंड नाही. आहे तेवढा राहू दे.
तुझी आत्या, नागाबाई