पिवळा दिवा : दोन पूर्णांक सहा

९ जानेवारी, सकाळी १०.२०
शाळेजवळच्या सिग्नलच्या कॅमेऱ्याने आज पुन्हा फाइन पाठवला. या हिवाळ्यातला सहावा. फोटोत माझी स्कूटर, माझी पाठ आणि वर लाल दिवा. साफ खोटं! मी शिरलो तेव्हा पिवळा होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे वेळ शिकवणार!
संकल्प : उद्यापासून घरून नऊ चाळीसला निघणे, दहाला दुकान उघडणे.

१० जानेवारी
नऊ अठ्ठावन्नला निघालो. मोजे सापडत नव्हते. सातवा फाइन बहुधा वाटेत असेल.

१४ जानेवारी, दुपारी
डोक्यात लख्ख उजेड पडला. चूक माझी नाहीच, पिवळ्याची आहे. नगरपालिकेच्याच कागदावर छापलंय की पिवळा तीन सेकंद राहील. राहतो का? कोणी मोजलंय का?
ड्रॉवरमध्ये पीटीच्या सरांचं स्टॉपवॉच आहे. ऑक्टोबरपासून दुरुस्तीला पडलंय. सरांची तक्रार अशी की याच्यावर वेळ लावली की शाळेतली सगळीच मुलं विक्रम मोडतात. चांगलं शिकवत असतील. घड्याळ दणकट, जुन्या बनावटीचं. अशी वस्तू नुसती पडून राहणं बरं नव्हे.
सिग्नलवर उभं राहून चाळीस वेळा मोजलं. दोन पूर्णांक सहा. दर वेळी! चोर लेकाचे.
आमची ही तिथेच ड्यूटीवर होती. लाल ‘थांबा’ फलक घेऊन शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देते. नगरपालिकेची नोकरी, पगार बेताचा. दुकानाच्या गाळ्याचं भाडं तात्पुरतं त्यातून जातं. सहा वर्षं झाली. काहीतरी सांगायला जवळ आली. म्हटलं, मोजतोय, नंतर.

२ फेब्रुवारी
नगरसेवकांना आकडे दाखवले. स्टॉपवॉच हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितलं. म्हणाले, तुमच्यासारखे तज्ज्ञ गप्प बसतात म्हणून लोक लुटले जातात. तज्ज्ञ! निवडणूक जवळ आली आहे, हा निव्वळ योगायोग.
घरी आल्याआल्या हिला सांगितलं. ती म्हणाली, हात धुऊन जेवायला बसा.

११ मार्च
जिंकलो! कॅमेरे बंद करायचा ठराव मंजूर. सभेत माझं नाव दोनदा घेतलं, एकदा बरोबर. विरोधात बोलला फक्त हिशेब खात्याचा साहेब. दंडाच्या पैशांवर गावात काय काय चालतं याची यादी वाचायला लागला. आम्ही टाळ्या वाजवून त्याला खाली बसवलं. यादी भलतीच लांब होती, कोण ऐकणार?
वर्षाचे निदान चौदा फाइन वाचले. म्हणजे तेवढी माझी कमाईच झाली की! त्यातून दुकानाला नवी काच बसवणे.

१ एप्रिल
कॅमेऱ्यांवर काळ्या पिशव्या चढल्या. बघून गहिवरून आलं. लाल लागला होता, तरी आरामात निघालो. मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून जीव नको केला. मी लालमध्ये फार हळू जातोय, असं त्याचं म्हणणं.

१९ एप्रिल
हिच्या नावाने पत्र. शाळांसमोरच्या मदतनिसांची पदं रद्द. पगार रस्ता सुरक्षा निधीतून होत होता, निधीत कॅमेऱ्यांचा दंड जमा होत होता, दंड आता नाही. हिने मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, सरकारी भाषा किती किचकट असते. ती म्हणाली, मला समजली.
काळजीचं कारण नाही. दुकान आहेच.

२३ एप्रिल
आज माझ्या नावाने पत्र, गाळाही नगरपालिकेचाच. गाळ्याचं भाडं दीडपट. उत्पन्नात तूट आली म्हणे. नगरसेवकांना नऊ फोन केले. कामात असतील.

६ मे
भाड्यासाठी स्कूटर विकली. चालणं प्रकृतीला चांगलं. तसंही फाइन येत नसताना स्कूटर ठेवून काय करायचं?

१० मे
चालत दुकानात पोचायला सव्वाअकरा. त्यातला अर्धा तास सिग्नलपाशी. लाल असो, हिरवा असो, गाड्या थांबतच नाहीत. एक गिऱ्हाईक पलीकडून हात करत होतं. मी इकडून हात केला. थोड्या वेळाने ते निघून गेलं. आठ बाय सहाचं दुकान, चाळीस घड्याळांची टिकटिक आणि मी. दुपारी तो रस्ता ओलांडून घरी जायचं धाडस झालं नाही.

१४ मे, दुपारी ४
पीटीचे सर आले. झालं का स्टॉपवॉच, म्हणाले. मी विचारलं, नक्की काय होत होतं? म्हणाले, अहो, मागे पडायचं. तीन सेकंदांत जवळजवळ अर्ध्या सेकंदाने. म्हणून तर पोरं विक्रम मोडत होती!
उद्या या, म्हटलं. उघडलं, पुसलं, कमान नीट बसवली. दहा मिनिटांचं काम. सात महिने पडलं होतं.

१४ मे, संध्याकाळी ६.१०, दुभाजकावर
खात्री करायला आलो. तीन. परत तीन. अकरा वेळा मोजलं, अकराही वेळा तीन.
आता इथून हलता येत नाही. पुढे गाड्या, मागे गाड्या. वीस मिनिटं झाली. कोणाला हाक मारावी? भीती वाटते आहे. खरंच वाटते आहे.

१४ मे, घरी
ही आली. फलक परत करायचा राहिला होता, तो घेऊन. रस्त्यात उतरली आणि फलक वर धरला. सगळे थांबले. माझं मनगट धरलं आणि शाळेच्या मुलाला नेतात तसं मला पलीकडे नेलं.
हातातलं स्टॉपवॉच बघून विचारलं, किती भरले? म्हटलं, तीन.
म्हणाली, माहीत आहे. पिवळा लागला की मनात एक, दोन, तीन म्हणायचे, मग गाड्या थांबल्या की मुलांना सोडायचे. सहा वर्षं, रोज.
मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?
म्हणाली, आले होते सांगायला. तुम्ही मोजत होतात.