भावंडांना तपासायला सांगा

दादा,

माझ्या ऑपरेशनच्या आधी सर्जननी विचारलं, "घरात आणखी कुणाच्या महाधमनीला फुगा आहे का?" तेव्हा तू पुटपुटलास, "माझ्या. तीन वर्षांपूर्वी निघाला. भावंडांना तपासायला सांगा म्हणाले होते."

तीन वर्षं मूग गिळून बसलास! इकडे माझी छाती उघडली, हृदय थांबवून धमनीचा तुकडा बदलला. अजून खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरते आणि तुला शिव्या घालते.

काल तुझ्या मुलीला मीच तपासायला नेलं. तिलाही फुगा आहे, पण तो अजून लहान आहे. ती म्हणाली, "आत्या, बाबांना मीच सांगणार. तू मध्ये पडू नकोस."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. पण ती बोलेल तेव्हा एकही सबब सांगू नकोस.

अजून तुझीच,
धाकटी