स्वस्तातली पोकळ गिटार

प्रिय ताई,

तुझा निरोप आपल्या ताडमाड जिराफने कधीच पोचवला होता. उत्तराला उशीर झाला, तू रागावली असशील. रागाव. पण उत्तर अजूनही लगेच देत नाही. आधी मी एक गिटार घेतली त्याची हकिकत सांगते, म्हणजे पुढचं लिहायला मला सोपं जाईल. तू मध्येच "मुद्द्यावर ये गं" म्हणून टोकू शकत नाहीस, हा पत्राचा एक फायदा.

हो, गिटार घेतली, या वयात. चांगली मोठी, पोकळ पोटाची, विजेवरची. माझ्या जुन्या गिटारला बाबा 'फळी' म्हणायचे, आठवतं ना? आपण हॉटेलात जायला निघालो की दारातून ओरडायचे, "फळी घेतली का?" आणि त्यांचं खरंच होतं. भरीव लाकूड ते. अॅम्प्लिफायरला जोडलं नाही तर डास गुणगुणावा एवढाही आवाज नाही. त्या फळीवर मी, पुढे तू, आणि मागे स्वतःएवढाच उंच बास कवेत घेऊन जिराफ. काट्याचमच्यांच्या खडखडाटात आपण तिघांनी त्या हॉलमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढली. लोक सूप पीत होते आणि आपण जीव तोडून वाजवत होतो. तू म्हणायचीस, आपण म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलं तरच लोक वर बघतील. तरी तुझ्या त्या जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाने एखादा चमचा मध्येच थांबायचा आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

तर ती फळी सोडून पोकळ गिटार कशाला, असं तू विचारणार. ताई, मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, जवळजवळ येतच नाही. एकदम झालेलं नाही हे. हळूहळू, गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे कुणी एकेक करून काढून न्यावेत तसं. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग भाचेकंपनीची बडबड. कळायला उशीर झाला तो आमच्या प्रेसवाल्यांमुळे. तुझ्या मेहुण्यांचं आयुष्य छपाईच्या मशीनपाशी गेलेलं, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी ते कारखान्यातल्यासारखं ओरडून मागतात. त्यांचं मला व्यवस्थित ऐकू यायचं, म्हणून मी खुशाल होते. मग क्लासमधल्या एका मुलीच्या आईने येऊन सांगितलं की तिच्या गिटारची एक तार पार उतरलेली होती आणि मी तिला "छान" म्हटलं. बाई चांगल्या होत्या, आवाज न चढवता बोलल्या. म्हणजे बहुतेक. मला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले, अर्थ शेजारी उभ्या असलेल्या प्रेसवाल्यांनी नंतर ओरडून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून मी क्लास बंद केला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे बरेच खेटे झाले. नस सुकत चाललीय म्हणतात. कानात घालायचं यंत्र घेतलं. त्याने सगळं मोठं होतं, स्पष्ट काहीच होत नाही. ताटली पडली की कवटीत पडते. ऑपरेशनचंही विचारलं. बोलणं थोडंफार कळायला लागेल असं त्यांनी कागदावर लिहिलं. मी गाण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. पण एकदा तपासताना त्यांनी तो कंप पावणारा लोखंडी चिमटा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि ताई, मला सूर ऐकू आला! खालचा, बारीक, लांबून आल्यासारखा, पण सूर. मी खुर्चीतून उठलेच. हाडातून ऐकू येतं म्हणजे रस्ता आहे, असं मी ओरडले. त्यांनी मला बसवलं आणि पुन्हा पेन काढून लिहिलं, रस्ता वेगळा असला तरी तो जातो त्याच घरी, आणि त्या घरातलंच माणूस उठून चाललंय. मी ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि घरी येईपर्यंत त्यातला पहिला अर्धा भागच लक्षात ठेवला. आशा ही फार चावट बाई आहे.

त्याच सुमारास तुझा निरोप आला होता, वाजवायला ये म्हणून. मी ठरवलं, फळी नको. पोकळ गिटार छातीशी धरली तर तिचं पोट थरथरेल, ते बरगड्यांना कळेल. वरच्या कडेवर हनुवटी टेकवली तर जबड्याच्या हाडातून कानात शिरेल. शनिवारी प्रेसवाल्यांना घेऊन निघाले.

पहिलं दुकान काचेचं, चकचकीत. चांगल्या पोकळ गिटारी उंच टांगलेल्या, हात पोचू नये अशा. त्यांच्या किमती वाचून प्रेसवाले आदराने दोन पावलं मागे सरकले. खाली स्वस्तातल्या होत्या. विकणारा पोरगेला, उत्साही. त्याने एक लालभडक पातळ गिटार हातात दिली. मी तिच्यावर कलिंगडावर मारतात तशा टिचक्या मारल्या. कडेला पोकळ, मधोमध ठोकळा. म्हणजे अर्धी फळीच ती, वरून पोकळीचा आव. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला (प्रेसवाले माझ्याकडे तोंड करून जसंच्या तसं सांगत होते), की मॅडम, ठोकळा मुद्दाम असतो, पूर्ण पोकळ घेतलीत तर आवाज वाढवल्यावर ती किंचाळते. मी म्हटलं, "किंचाळू दे. मला काय त्रास होणार आहे?" तो हसावं की नाही अशा पेचात पडला. प्रेसवाले हसले नाहीत.

दुसरं दुकान जुन्या वाद्यांचं, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या माडीवर. मालकीणबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि त्यांना ग्राहकापेक्षा मटारात जास्त रस होता. प्रत्येक गिटारबद्दल त्या एकच सांगायच्या, "एकाच हातची आहे, घरातच वाजवलेली." मी चार-पाच उतरवल्या. एकीची मान डोळ्यासमोर धरून पाहिली तर केळ्यासारखी वाकलेली. एकीच्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडा इतक्या धारदार की बोट कापावं. एक अगदी देखणी, पण वायर खुपसायची खोबणच आत पडलेली, खुळखुळ्यासारखी हलत होती. मग कोपऱ्यातून एक निघाली. जुन्या कपाटाच्या पॉलिशचा रंग, अंगाने भरपूर जाड, आत ठोकळा नाही, नाव वाचता येत नाही अशा कुठल्याशा कंपनीची. लाकूड अस्सल नव्हतं, पातळ थर दाबून केलेलं, खुंट्या सैल, तारा पेलणारा ब्रिज चिकटवलेलासुद्धा नाही, नुसता तारांच्या दाबाने उभा. मी खुर्चीवर बसून ती छातीशी घेतली, मान वाकवून कडेवर जबडा टेकवला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

ताई, ती माझ्या आत वाजली. बरगड्यांमधून, दातांमधून. मी पुन्हा छेडली. पुन्हा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मालकीणबाईंनी मटार बाजूला ठेवून प्रेसवाल्यांना काहीतरी विचारलं. नंतर कळलं, "यांना दाढदुखी आहे का?" असं विचारत होत्या. आमच्या माणसाने त्या बाईंशी अशी घासाघीस केली की पोरीचं लग्न ठरवताना बापाने करू नये, आणि वर गिटारची पेटीही फुकट पदरात पाडली. जिना उतरताना पेटी त्यांनीच घेतली होती, मला हातही लावू दिला नाही.

पुढचे काही दिवस घरात कधी नव्हे ते बरे गेले. सकाळची कामं उरकली की मी बसायचे. सूर जुळवायला एक चिमटीएवढं यंत्र मिळतं, ते गिटारच्या डोक्याला लावायचं, त्यावर हिरवा दिवा लागला की तार बरोबर. कानाचं काम डोळ्यांनी. खालच्या तारा नीट कळायच्या, वरच्या नुसत्या झिणझिणायच्या. पण बोटांना सगळं पाठ होतं, तुझी प्रत्येक उचल, तू मुद्दाम उशिरा घेतेस ती जागासुद्धा. प्रेसवाले समोर बसून गुडघ्यावर ठेका धरायचे. त्यांचा ठेका त्यांच्या मशीनसारखा, कधी चुकत नाही आणि कधी बदलतही नाही.

मग मी जिराफला बोलावलं. तुझ्या कार्यक्रमाआधी एकदा दोघांनी वाजवून पाहू, म्हटलं. तो आला, अजून दारात वाकतोच. बास लावून त्याने तुझ्या जागी स्वतः गायचं ठरवलं. त्याचा आवाज तुला माहीत आहे, मला ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच. आम्ही तुझं ते शेवटचं, संथ गाणं घेतलं. मी जबडा टेकवून वाजवत होते. गिटारचं पोट थरथरत होतं, हात आपोआप चालत होते, आणि मला वाटलं, जमलं! गाणं निम्मं झालं तेव्हा मान अवघडली म्हणून मी वर पाहिलं. जिराफचा डावा हात बासवर नेहमीच्या जागी नव्हता. एक घर पुढे होता. त्या गाण्यात त्याचा हात कुठे असतो ते मी इतकी वर्षं पाहिलंय, झोपेतही सांगेन. मी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मी पहिली कॉर्डच एक फ्रेट पुढे धरली होती आणि सुरुवातीपासून सगळं अर्धा सूर वर वाजवत होते. आणि तो माणूस आपली पट्टी बदलून, घसा ताणून माझ्यामागून येत होता. प्रेसवाले जमिनीकडे बघत होते.

मी थांबले. जिराफ समोर येऊन बसला आणि मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलला, "त्यात काय एवढं? कुणाला कळतंय? ताई घेईल सांभाळून." तू घेशीलच, यात शंका नाही. लहानपणापासून तेच करत आलीस. पण माझ्या बरगड्यांना चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही ताई. त्यांना फक्त थरथर कळते. अर्धा सूर वर काय, खाली काय, त्यांना सगळं सारखंच गोड. मी एवढे दिवस ज्याला सूर समजून रडत-हसत होते, तो नुसता कंप होता. बाकीचं मी आठवणीतून भरत होते. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं पुढचं अर्धं वाक्य तेव्हा मला कळलं.

तरी एक करून पाहिलं. आपली हॉटेलातली जुनी कॅसेट प्रेसवाल्यांनी शोधून काढली. मी स्पीकरच्या लाकडी खोक्याला गाल लावून बसले. ठोके कळले, बासची घरघर कळली. गाणं कुठलं ते ओळखता आलं नाही. मी त्यांना विचारलं, ताई सुरू झाली का? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती होकारार्थी मान हलवली. तू केव्हाची गात होतीस.

गिटार चांगली निघाली असं जिराफ म्हणतो. स्वस्तात एवढा गोल, ऊबदार आवाज मिळत नाही म्हणाला. असेल. मी ती त्याला देऊन टाकली. सूर जुळवायचं ते यंत्रही पेटीतच ठेवलंय.

आता उत्तर. हॉटेलचा तो हॉल पाडण्याआधी मालकांनी तुला शेवटचं गायला बोलावलंय आणि "धाकटी वाजवणार असेल तरच मी येईन" असं तू कळवलंस. मी वाजवणार नाही. तू फोनवर फोन केलेस, आणि ती आंघोळीला गेलीय, ती झोपलीय, असं सांगून सांगून आमचा माणूस थकला. मी रुसले आहे असं तू त्याला म्हणालीस म्हणे. रुसले नाही गं. फोन कानाला लावला तरी त्यात कुणी नसतं. जिराफला आणि प्रेसवाल्यांनाही मी शपथ घातली होती की हे मीच सांगेन, आणि सांगायला हे पत्र लिहिलं. तू ये आणि गा. जिराफने एक गिटारवाला बघून ठेवलाय, कान शाबूत असलेला. फक्त मला समोर खुर्चीत बसायला सांगू नकोस, आणि "नुसती ये तरी" असंही म्हणू नकोस. मी येणार नाही. तिथे बसले तर तुझं गाणं संपलं हे मला लोक टाळ्या वाजवायला लागल्यावर कळेल.

तुझीच,
धाकटी