दादाच्या कॉम्प्युटरमधल्या अक्षता

बाबा,

दादाचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ नका, चालू झालाय! कॅम्प एकमधला सिंधी रिपेअरवाला "साईं, फेंक दो" बोलला होता. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. फुकटातली, हलकी सिस्टिम आहे, असल्या जुन्या मशीनवरपण मस्त पळते. दादाचे फोटो आधीच काढून घेतले, काही गेलं नाही.

सुरुवातीला तो सारखा तापून बंद पडत होता, म्हणून डबा खोलला. पंख्यात हळदकुंकू आणि मूठभर अक्षता! पाच वर्षांपूर्वी तुमच्याशी भांडून दादा वांगणीला गेला, तेव्हा डबा आतून चकाचक होता. तेव्हापासून तुम्ही त्याचं नावसुद्धा काढत नाही. आई म्हणते, तिने हात लावलेला नाही. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा तर तुम्हीच करता ना?

मी त्या अक्षतांचा फोटो दादाला पाठवला. त्याने लगेच फोन केला, आधी खूप हसला, मग तुमची तब्येत विचारली. रविवारी येतोय. मटण तुम्हीच आणा.

मी सेकंड शिफ्टला चालले. यंदा दसऱ्याला कॉम्प्युटरला नुसतं फूल वाहा. अक्षता रविवारी दादाच्या कपाळाला लावा.

जिज्ञासा