दोन वेक्टरना लंब, आणि वृषाली मॅडम

३ ऑगस्ट
बारावीचे पेपर तपासले. प्रश्न साधा: दोन वेक्टर दिलेत, दोघांनाही लंब असा युनिट, म्हणजे लांबी एक असलेला, वेक्टर काढा. आहुपे गावच्या साधना नावाच्या पोरीने ± लावून दोन उत्तरं लिहिली. गाईडमध्ये एकच आहे. मार्क कापला. आगाऊ पोरगी.

४ ऑगस्ट
नवी वृषाली मॅडम भर स्टाफरूममध्ये म्हणाली की दोन्ही बरोबर, एक वर जातो, एक खाली. मी म्हणालो, मी घोडेगावात शिकवायला लागलो तेव्हा तुमचे दुधाचे दात पडत होते. हसली. डोक्यात जाते ही बाई. आजपासून तिच्याशी बोलणं बंद.

६ ऑगस्ट, दुपार
साधनाची आई बायडाबाई एसटीने थेट कॉलेजात. म्हणाली, पोरीचं बराबर व्हतं तर मार्क का कापला, आमाला गणित कळत न्हाई पण लबाडी कळती. लबाडी! मी! प्राचार्य सावळेराम सरांनी तिला चहा पाजला. मला विचारलंसुद्धा नाही.

७ ऑगस्ट
प्राचार्यांचा तोडगा: सोमवारी दोघांनी हाच टॉपिक शिकवायचा. जो चांगला शिकवेल, त्याला बारावी. उत्तम. बारावी माझीच आहे. बारावी गेलेल्या मास्तरला या गावात कोणी नमस्कारही करत नाही. मॅडमने बॅग भरायला घ्यावी.

९ ऑगस्ट
तयारी करणार होतो. मॅच होती. गाईडचे आकडे पोरांना पाठ, म्हणून स्वतः बनवले: पहिला वेक्टर (१, −२, ३). दुसरा अवघड हवा, म्हणून सगळ्याला तीनने गुणलं: (३, −६, ९). मॅडमला घाम फुटेल.

१० ऑगस्ट, संध्याकाळ
वर्गात पहिला मी. लंब वेक्टर काढायला फळ्यावर दोघांचा क्रॉस प्रॉडक्ट, म्हणजे वेक्टर गुणाकार, घेतला. शून्य. परत घेतला. शून्य. फळा पुसला, खडू बदलला. शून्यच. आता त्याच्या लांबीने भागायचं, तर लांबीही शून्य. सावळेराम सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडम हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.

साधना उभी राहिली. म्हणाली, सर, दुसरा पहिल्याच्याच तिप्पट हाय, दोन्ही एकाच रेषेत, मग लंब कितीबी निघत्यात. मग हळूच म्हणाली, सर, तुमी बसा, मी करते.

बसलो. पहिल्या बाकावर, पोरांत. तिने दुसरा वेक्टर बदलला, गणित सोडवलं, शेवटी ± का लावायचा तेही सांगितलं.

बारावी मॅडमला गेली. त्याहून वाईट म्हणजे, इतक्या वर्षांत हे गणित मला आज पहिल्यांदा समजलं.