बोट गमावल्याचा पूर्वेतिहास

तीर्थस्वरूप आत्यास,

कृतानेक नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण हे पत्र बोटीत बसून लिहितोय आणि इथे आठही अंगं एकदम आडवी व्हायला जागा नाही. राहिलेली अंगं घरी येऊन पुरी करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही ठणठणीत. हिचा खोकला गेला, माझा आळस गेला, आणि दोन्ही तुझ्यामुळेच. खोकला तू सांगितलेल्या वाफाऱ्याने गेला, आळस तू वर्तमानपत्रातून कापून पाठवलेल्या जाहिरातीने. कात्रणाच्या कडेला तू पेन्सिलीने लिहिलं होतंस, ‘पाण्याला भिऊ नकोस, जा.’ ते कात्रण अजून माझ्या खिशात आहे.

‘लहान बोटीचा चालक पाहिजे’ एवढंच म्हणायचं, पण अटी अशा की जणू नवरदेव शोधत होते. शंभर मीटर पोहता यावं (ते तूच शिकवलंस, कमरेला दोर बांधून), पंचवीस किलो उचलता यावं, लाल आणि हिरवा दिवा वेगळा ओळखता यावा, आणि एका जागी आठ तास बसायची तयारी असावी. हे शेवटचं वाचून ही म्हणाली, यात तुमचा हात कोणी धरणार नाही. काम म्हणजे धरणाच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाईंना सकाळी सहाला बसवायचं आणि चौदा ठिकाणी थांबायचं. त्या बाटली बुडवतात, मी बोट हलू देत नाही. बाई फार विद्वान. दिवसात चार शब्द बोलतात, त्यातले तीन ‘अजून थोडं डावीकडे’. सावलीची सोय नाही. छत्री चालकाने स्वतःची आणावी असा लेखी नियम, आणि छत्री उघडली की बोट वाऱ्याबरोबर चालू लागते म्हणून ती मिटूनच ठेवावी असा तोंडी नियम. तरंगायचं जाकीट आधीच्या चालकाच्या मापाचं, आणि तो गृहस्थ एकटाच दोघांएवढा होता. मी त्यात शिरलो की बाहेर फक्त टोपी उरते. पण आत्या, खरं सांगतो, हल्ली मला गजराच्या आधी जाग येते. चाळिशीच्या माणसाला हे सुख तुझ्या एका कात्रणाने दिलं.

तीन महिने कच्च्या नेमणुकीवर काढले आणि पक्कं होण्याआधी प्रकृतीचा फॉर्म हातात आला. त्यातला अकरावा रकाना: ‘बोट गमावल्याचा पूर्वेतिहास, असल्यास तपशील.’ खाली ठळक अक्षरांत, खोटी माहिती दिल्यास नोकरी जाईल. शेवटी देवाचं नाव घेऊन लिहिलं, ‘होय, एक. निळी. पुढच्या टोकाला पांढरा पट्टा. तीन माणसं आरामात बसत. एका सकाळी वाहून गेली, पुन्हा दिसली नाही. चूक माझी.’ डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले आणि बोटं मोजली. मग चष्मा पुसून पुन्हा मोजली. दहा भरली.

“निळं होतं?” त्यांनी विचारलं.

“निळी,” मी दुरुस्त केलं.

“आणि त्यावर माणसं बसायची?”

मोजे काढून पायांचीही मोजून झाली, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला की फॉर्म हातापायांच्या बोटांबद्दल विचारत होता. डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून घसरले. ऑफिसातले साहेब मात्र हसले नाहीत, पण ते मागाहून.

आता लिहिलंच आहे तर तुलाही सांगतो. त्या सकाळी तू दोर माझ्या हातात दिलास आणि दोन गाठी मार म्हणालीस. मी एकच मारली, तीही बुटाच्या नाडीची, कारण काठावर बेडूक दिसला होता. बोट गेल्यावर मी तुला म्हणालो, पाणी चढलं, दोर तुटला. नऊ वर्षांचं पोर, पण धडधडीत खोटं बोललो. तू म्हणालीस, “तू आत नव्हतास ना? मग झालं.” माणसं नदीपलीकडे सोडायची त्या बोटीवर तुझं पोट होतं. पुढे तू इस्पितळाच्या चादरी धुतल्यास, आणि कामावर जाण्याआधी रोज मला लांबच्या पुलावरून चालत शाळेत सोडलंस. बोट गेली, पण माझं बोट तू सोडलं नाहीस. तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. (डोळ्यांत पाणी आलंय ते उन्हाने. छत्री मिटलेली आहे.)

लोभ आहेच, तो दोन गाठी मारून ठेव.

तुझा भाचा

ता. क. साहेब म्हणतात, बोट चालवणाऱ्याने बोट घालवल्याचं स्वहस्ते लिहून दिलंय, आता खोडता येणार नाही. ‘माझी तक्रार नाही’ असं त्या बोटीच्या मालकिणीचं पत्र वीस तारखेपर्यंत हवं, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्याला. (त्याला नऊच बोटं आहेत, पण बोट त्याने एकही गमावलेली नाही.) तेव्हा रागावली असलीस तर कृपा करून एकवीस तारखेपासून रागाव.

ता. क. दुसरा. घरी हिने पत्र वाचलं आणि हसतच सुटली. म्हणते, लग्नात तू तिच्या कानात सांगितलं होतंस, “पोरगा गुणी आहे, सगळं सोपव त्याच्यावर. दोर बांधायचा असला तर गाठ तेवढी तू मार.” म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं! आणि तरी ते कात्रण पाठवलंस? ते तक्रार नसल्याचं पत्र टपालाने धाडू नकोस. रविवारी मीच येतो, धक्क्यावर उभी राहा. बोट मी बांधीन, गाठ तू बघ.