अप्पांच्या गाडीची थरथर

२१ जानेवारी, संध्याकाळ

निर्णय झाला. अप्पांची गाडी, म्हणजे त्यांची जुनी मोटारसायकल, मी दुरुस्त करणार. स्वतः, घरी, ओसरीसमोर.

कारण लिहून ठेवते, पुढे हुरूप कमी झाला तर वाचायला. आज मानवतच्या बाजारात अप्पांच्या डाव्या हातातला तराजू हलत होता. जिरे घेणारी एक बाई चार लोकांत म्हणाली, काटा नाचवून मापात मारायलास का रे बाबा? अप्पांनी तिच्या पिशवीत वर मूठभर जिरे टाकले. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, शिवरात्र झाली की बाजार बंद. आता माझ्यानं हुईना.

अप्पा आणि मापात मारणार! याच गाडीवर मसाल्याची पोती बांधून, गावोगावचे बाजार करून त्यांनी मला बी.एस्सी. केलं. घरातली पहिली पदवी माझी. त्या पदवीचा उपयोग आता नाही तर कधी?

विचार अगदी सरळ आहे. गाडी थरथरते, म्हणून हात थरथरतो. इंजिन ज्या पट्टीने फ्रेमला धरलेलं असतं तिला मेकॅनिक लोक फाउंडेशन म्हणतात. ती झिजली आहे. डावाच हात का? कारण डाव्या हातात क्लच. भौतिकशास्त्रात प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

२२ जानेवारी

फोनवर भरपूर वाचलं. कंपनामुळे हाताच्या नसांना त्रास होतो, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. नवीन फाउंडेशन ऑनलाइन मागवलं. मूळ कंपनीचं नाही, पण जास्त मजबूत. 'सर्व गाड्यांना बसते' असं स्पष्ट लिहिलंय. व्हिडिओत एक मुलगा चहा पिता पिता बसवतो.

अप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, तसंच आसंल. गाडीच जुनी झाली की.

बघा. त्यांनाही पटलं.

२३ जानेवारी

अप्पा हल्ली बशीत चहा ओतत नाहीत. आई अर्धाच ग्लास भरून देते. साखर कमी करत असावेत. चांगलं आहे.

२७ जानेवारी

पार्ट आला! लाल रंगाचा आहे, जड आहे. मानवतहून एस.टी.त मांडीवर घेऊन आले.

शेजारचे चंद्रभान काका ट्रॅक्टर धूत होते. पार्ट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, बाईसाहेब, हे गाडीला लावायचंय का बैलाच्या शिंगाला? मी म्हटलं, काका, इंजिनाला लावायचंय. म्हणाले, मग इंजिनाला इचारलंस का?

अशा लोकांमुळेच आपला भाग मागे राहिला.

उद्या सकाळी काम सुरू. दुपारपर्यंत संपेल. संध्याकाळी अप्पा एक फेरी मारून येतील आणि त्यांचा हात शांत असेल. शांत म्हणजे लगेच नाही, पण फरक दिसेल.

२८ जानेवारी

सकाळ : सुरुवात उत्तम. एक बोल्ट निघाला.

दुपार : दुसरा निघाला, पण इंजिन खाली आलं. व्हिडिओत आलं नव्हतं. घाईत जे हाताशी सापडलं ते खाली सरकवलं. ते आईचं पोळपाट निघालं.

आईने बघितलं. म्हणाली, भाकरी आता इंजिनावरच थाप. मग विटा आणून दिल्या आणि पोळपाट तीनदा धुतलं.

अप्पा शेजारी उकिडवे बसून पाने देत होते. उजव्या हाताने. डावा मांडीखाली दाबून धरला होता. थंडी आहे सध्या.

२९ जानेवारी

तिसरा बोल्ट गंजलाय. डिझेल टाकून ठेवलंय. घाई करायची नाही, असा संकल्प.

आज अप्पा देवगाव फाट्याला बाजाराला गेले नाहीत. गाडी उघडी पडलीय ना. माझी जरा चूक झाली, पण त्यात एक फायदा आहे. गाडी बंद म्हणजे कंपन बंद. हाताला आपोआप विश्रांती मिळतेय. आठवडाभरात हात नक्की स्थिर होणार. हे आज तारखेसकट लिहून ठेवते, नंतर दाखवता येईल.

३० जानेवारी

चंद्रभान काकांनी बिनबोलावता येऊन पान्याला लांब पाइप अडकवला. म्हणाले, सरक, ताकदीचं काम हाय. बोल्टची मुंडी तुटली.

काकांनी पाइप काढून भिंतीला टेकवला. मग काका म्हणाले, निदान निघाली तर खरी.

बोल्टचा बाकीचा तुकडा आतच आहे.

३१ जानेवारी

मन लागत नाही. वेगळ्या विषयावर लिहिते.

अप्पा आणि आई हल्ली एकत्र पूजा करतात. पूर्वी अप्पा पहाटे ओसरीत एकटे बसायचे. लिंगायतांच्या रिवाजाने गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचे आणि तासभर दगडासारखे स्थिर. लहानपणी मी त्यांना हसवायचा प्रयत्न करायचे, तरी बेलाचं पान हलायचं नाही. आता दोघं देवघराचं दार लोटून घेतात. इतक्या वर्षांच्या संसारानंतर दोघांना एकत्र बसावंसं वाटतं, हे किती छान.

मी एकदा दार ढकललं तर आई आतून म्हणाली, थांब, येऊ नको.

१ फेब्रुवारी

सुकेशनीचा फोन. माझी कॉलेजची मैत्रीण, पिंगळीला आरोग्य केंद्रात नर्स आहे. बोलता बोलता गाडीचं सगळं सांगितलं. तिने गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, गुमान बसल्यावर हलतो का हात? टीव्ही बघताना? सदऱ्याची गुंडी लावता येते का त्यांना?

मी म्हटलं, सुके, हा मेकॅनिकल विषय आहे. ती म्हणाली, मॅडम, तू पाना ठिव अन् काकांना परभणीला दाखव. उगं टाइम घालवू नको.

नर्स झाल्यापासून तिला सगळ्यांत रोगच दिसतो. माझ्याही डोळ्यांत कुठला कुठला आजार सांगत होती मागे. आता तिचे फोन उचलणार नाही.

गुंडी आई लावते. पण ती पूर्वीपासूनच लावत असेल. मी बघितलं नसेल.

३ फेब्रुवारी

मानवतला लेथवाल्याकडे गेले. त्याने घरी माणूस पाठवला, अडकलेला तुकडा आणि चौथा बोल्ट काढून दिला. आता वाट मोकळी.

नवीन पट्टी लावून पाहिली. तीन भोकं जुळतात, चौथं बोटभर बाजूला राहतं. 'सर्व गाड्यांना बसते' यात आमची गाडी येत नाही.

कानस आणली. भोक वाढवणार. जिद्द असली की लोखंडही नमतं.

४ फेब्रुवारी

लोखंड नमत नाही.

६ फेब्रुवारी

दोन्ही तळहातांना फोड. अप्पांनी बघितलं आणि कानस माझ्या हातातून काढून घेतली. स्वतः घासायला बसले. उजव्या हाताने घासायचे, डाव्याने पट्टी दाबून धरायची. पट्टी टकटक वाजायला लागली. मला वाटलं कानसीचा आवाज आहे. कानस थांबली तरी टकटक चालूच.

अप्पा उठले. म्हणाले, चहा टाक म्हणावं आईला.

चहा झाला होता आधीच.

८ फेब्रुवारी

ठरलेला आठवडा केव्हाच उलटला. हातात फरक नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण निष्कर्षाची घाई करू नये. इतक्या वर्षांचं कंपन शरीरात साठलेलं असणार. साठलेलं बाहेर पडतानाही थरथर होणारच. म्हणजे हात जास्त हलतोय हे उलट सुधारणेचं लक्षण असू शकतं.

असं कुठे वाचलं नाही अजून. शोधते.

रात्री जेवताना आई म्हणाली, राहू दे गं माय, कामून जिवाला लावून घेतलीस? मी म्हटलं, आई, तुला अप्पांनी बाजार सोडलेला चालेल का? लोकांनी त्यांना लबाड म्हटलेलं चालेल? ती अप्पांची भाकरी कुस्करून देत राहिली.

अप्पांचे दात चांगले आहेत.

१२ फेब्रुवारी

बसलं! पट्टी बसली! चारही बोल्ट आत. एका भोकात तीन वायसर घालावे लागले, पण बसलं.

किक मारली. गाडी सुरू झाली आणि पूर्वीपेक्षा दुप्पट थरथरायला लागली. आरसा फिरून आभाळ दाखवायला लागला. शेजारची कोंबडी ओट्यावरून उडाली.

चंद्रभान काका कुंपणावरून ओरडले, पिठाची गिरणी टाकलीस का? ज्वारी आणू?

दार लावून थोडा वेळ बसले.

१३ फेब्रुवारी

काल चूक कुठे झाली ते आज आंघोळ करताना कळलं. लोखंडावर लोखंड. मधे मऊ काही नाही. पाकिटात रबरी चकत्या यायला हव्या होत्या, त्या आल्याच नाहीत. मी माझ्या जुन्या चपलेचा तळ कापला, गोल तुकडे केले, मधे बसवले.

किक मारली.

गाडी मांजरासारखी गुरगुरली. बस. थरथर नाही. खात्री करायला स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठल्या, पण थेंब सांडला नाही. चंद्रभान काका आत येऊन वाकून बघत राहिले. म्हणाले, आयला. मग अप्पांकडे वळून म्हणाले, बसप्पा, पोरीनं करून दाखवलं की रे. माझ्या ट्रॅक्टरचं पण बघतीस का पोरी?

मी रडले थोडी. आनंदाने.

तोच ग्लास अप्पांपुढे धरला. म्हटलं, अप्पा, प्या, विजयाचं पाणी. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. म्हणाले, खाली ठिव, पितो. नंतर बघितलं तर ग्लास भरलेलाच होता. तहान नसेल.

म्हटलं, एक फेरी मारून या. म्हणाले, शिवरात्र होऊ दे.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आमच्याकडे रिवाज आहे. शिवरात्रीला घरातल्या सगळ्यांनी ओसरीत एका ओळीत बसून लिंगपूजा करायची. दार लोटायचं नाही.

सकाळी अंघोळी करून तिघं बसलो. मधे अप्पा, एका बाजूला आई, एका बाजूला मी. समोर गाडी उभी, लाल पट्टी चकाकत होती. मी डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं.

अप्पांचं पान पडलं. त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. आता तळहातावरचं लिंगच सरकायला लागलं. मी म्हणणार होते की अजून साठलेलं कंपन…

तेवढ्यात आईने आपला उजवा हात सरकवला आणि अप्पांच्या तळहाताखाली धरला. तिचे डोळे मिटलेले होते. तिला चाचपडावं लागलं नाही. अंधारात घरच्या माणसाचा हात दिव्याच्या बटणावर जातो तसा तो बरोबर जागेवर गेला.

लिंग स्थिर झालं. अप्पांनी तिसऱ्यांदा पान वाहिलं.

मी गाडीकडे बघत राहिले. ती अठ्ठावीस तारखेपासून उभी आहे. मीच उभी केली. कॉलेजात प्रॅक्टिकलला सर सांगायचे, एक गोष्ट बंद करा आणि दुसरीत काय फरक पडतो ते बघा. मी इतके दिवस नेमकं तेच करत होते. चांगलं केलं होतं. फक्त निष्कर्ष लिहायचा राहिलाय.

तो इथे लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी, दुपार

सुकेशनीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, मंगळवारी परभणीला घेऊन ये, मी नंबर लावून ठेवते. मग विचारलं, गाडी झाली का गं?

म्हटलं, झाली.

आई भांडी घासत होती. तिला विचारलं, कधीपासून? म्हणाली, मागच्या श्रावणापासून. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, त्यांनी नको म्हटलं. पोरीची परीक्षा होती तवा. मंग तू गाडी खोललीस. लय खुश दिसायले होते गं ते. गाडीतच काही निघतंय का म्हणून रोज तुझ्यापाशी बसायचे.

१७ फेब्रुवारी

अप्पांना म्हटलं, नव्या फाउंडेशनची लांबच्या रस्त्यावर ट्रायल घ्यायचीय, परभणीपर्यंत. जाता जाता हात दाखवू. त्यांनी खिशातून किल्ली काढून मला दिली. आजवर गाडीवर अप्पा कुणाच्या मागे बसले नव्हते.

आईने त्यांच्या गुंड्या लावल्या. माझ्यासमोर. चंद्रभान काका कुंपणापाशी होते. आज फक्त हात वर केला.

रस्ता मोकळा होता. मी हळू चालवली. गाडी अजिबात थरथरली नाही, हे नोंदवते. गावचा फाटा ओलांडला, खड्डे आले, तरी नाही. अप्पांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. परभणी येईपर्यंत माझी ओढणी खांद्यावर ठरली नाही.

मध्येच ते कानाशी वाकून म्हणाले, बग, कशी गुमान चालायलीय. गाडीतच बिघाड व्हता.

मी हो म्हणाले.